परक्याला जमलं पाहिजे

शिवकन्येचा शोधनिबंध परत आला. सोबत तपासणाऱ्याचं एकच वाक्य होतं: 'इथे सांगितलेलं काम दुसऱ्या कोणालाही पुन्हा करून पाहता येणार नाही.' तक्त्यांबद्दल त्याला काही म्हणायचं नव्हतं, आलेखांबद्दल नव्हतं, चार उन्हाळे रापून गोळा केलेल्या नमुन्यांबद्दलही नव्हतं.

ती तालुक्याच्या कॉलेजात तासिकेवर प्राणिशास्त्र शिकवायची आणि दिंद्रुडला, आपल्या गावीच, आईवडिलांकडे राहायची. जुन्या बारवांच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींच्या, पाण्यात राहणारे, नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढे दिसणारे कवचाचे जीव हा तिचा विषय. गावात कोणी विचारलं तर ती 'पाण्यातल्या पिसवा' असं सांगायची आणि विचारणारा अंग खाजवत निघून जायचा. निबंध छापून आल्याशिवाय विद्यापीठ प्रबंध घेणार नव्हतं, आणि नोंदणीची मुदत पावसाळ्याच्या तोंडावर संपत होती. मुदत गेली की चार वर्षं गेली. हिशेब एवढा सरळ होता.

ती अंबाजोगाईला सत्यशीला मॅडमकडे गेली. मॅडम तिच्या मार्गदर्शक. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघे कामातून गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. त्यांनी निबंधातलं कार्यपद्धतीचं पान काढलं, स्वयंपाकघरात पाण्याची बादली ठेवायला लावली, एका स्टीलच्या पेल्याला सुतळी बांधली आणि खुर्चीत बसून वाचायला लागल्या.

"'बाटली पाण्यात सोडली.' बरं. सोडली." त्यांनी पेला सुतळीसकट बादलीत टाकून दिला.

"मॅडम, सुतळीचं टोक हातात धरायचं ना."

"कुठं लिहिलंय?"

मॅडमनी पुढचं वाक्य घेतलं.

"'डाव्या कोपऱ्यात बाटली विसळली.' कोणाचा डावा? माझा, तुझा, का बारवेचा?"

"तिथं गेलं की कळतं, मॅडम."

"तिथं कोण जाणार आहे? तू एका परक्या माणसासाठी लिहितेयस. त्यानं बीड जिल्हा नकाशावरसुद्धा पाहिलेला नाही. तुझ्यावर त्याचा राग नाही आणि लोभही नाही. कागदावर आहे तेवढं तो करतो. नाही ते करत नाही. मनानं काही भर घालत नाही, तुझी चूक सावरून घेत नाही. त्या परक्याला जमलं पाहिजे."

"म्हणजे अगदी पहिलीतल्या पोराला सांगतात तसं?"

"पोर विचारतं तरी. हा विचारत नाही." मॅडमनी बादलीत हात घालून पेला बाहेर काढला. "लिहिताना त्याला समोर उभं कर. नुसतं म्हणायचं म्हणून नाही, खरंच उभं कर. बारवेवर ने, एकेक वाक्य वाचून दाखव आणि तो काय करतो ते बघ. जिथं तो अडेल तिथं तुझं वाक्य कमी पडलंय."

शिवकन्येनं सांगितल्याबरहुकूम केलं. घरी माळवदाखालच्या थंड खोलीत बसून, डोळे मिटून, तिनं त्या माणसाला बारवेच्या ओट्यावर उभं केलं. चेहरा काही दिसेना. पाठ दिसायची, आणि वाट पाहत लोंबते ठेवलेले हात. ती वाक्य वाचायची, हात हलायचे. वाक्यात खोट असली की हात हवेतच थांबायचे. मग ती खोडायची, पुन्हा लिहायची. तिला या कामाची गोडी लागली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिचा शब्दन्‌शब्द ऐकत होतं.

बारव गावाबाहेर, मेंढवाड्याच्या पलीकडे आहे. एका अंगानं पायऱ्या पाण्यापर्यंत उतरतात. शेवटी दगडी कमान, आणि कमानीपुढे दोनचार बायांना घागरी भरता येतील एवढी कड. त्या कमानीच्या नेमक्या माथ्यावर, जमिनीच्या पातळीला, मोटेचा ओटा. ओट्यावर चाक बसवायचे दोन दगडी खांब, पश्चिमेचा धड आणि पूर्वेचा निम्मा तुटलेला. ओट्यावरच्याला खाली कोण आहे ते दिसत नाही, आणि कडेवरच्याला वर कोण आहे ते. म्हणून वरून बादली टाकणारा आधी हाळी द्यायचा, "सरा हो बाजूला," आणि खालच्या बाया कमानीत सरकून म्हणायच्या, "सरलो, टाका." नळ आल्यापासून खाली कोणी उतरत नव्हतं. हाळी मात्र राहिली. मेंढवाड्यातल्या कडूबाईचा लेक सोमनाथ मेंढरांसाठी पाणी काढायचा तेव्हा रिकाम्या बारवेला हाळी द्यायचा, दोन श्वास थांबायचा आणि मगच बादली सोडायचा. शिवकन्येचंही तसंच. खोकला आला की हात तोंडापुढे जातो, तेवढंच त्यात तिचं लक्ष असायचं.

कार्यपद्धतीचं पान नव्यानं लिहून मॅडमना पाठवल्यावर ती शेवटचे काही नमुने घ्यायला बारवेवर गेली. भर दुपारची वेळ. ओट्याच्या आग्नेय कोपऱ्यात दगड ओला होता. पाण्याचे तीन फटकारे, एकाशेजारी एक, कडांनी वाळत आलेले. तिनं पानावर लिहिलं होतं: 'बाटली तीनदा विसळून ते पाणी ओट्याच्या आग्नेय कोपऱ्यात टाकण्यात आलं.' पण ती आत्ता येत होती. बाटली अजून पिशवीतच होती.

मेंढवाड्याच्या सावलीला कडूबाई लोकर विंचरत बसली होती. सत्तरीकडे झुकलेली, उन्हानं काळी ठिक्कर पडलेली, शिवकन्येला लहानपणापासून ओळखणारी.

"मावशी, इकडं कोणी आलं होतं का?"

"कोन येतंय? सकाळधरनं मी हितंच हाय. मेंढरू बी सावली सोडीना, मानूस कुटला यायला?"

"ओट्यावर पाणी सांडलंय."

"तूच सांडलं आसशील. त्या पिसवांच्या नादात तुला काय ध्यान ऱ्हातंय."

शिवकन्येला ते पटलं नाही, पण वाद घालावा असंही काही नव्हतं. तिनं हाळी दिली, दोन श्वास थांबली, बाटली सोडली. बाटली साधीच होती: जाड काच, बुडाला शिशाचं वजन, बुचाला वेगळी दोरी. ठरल्या खोलीवर दोरीला हिसका दिला की बूच निघतं आणि तिथलंच पाणी आत शिरतं.

पुढच्या खेपेला तिनं खांब पाहिला. पूर्वेचा, तुटका. त्यावर वर्षानुवर्षं धरलेली काळी पापडी एका जागी गोल खरवडली गेली होती आणि खालचा दगड उजळ दिसत होता. दोर बांधून ताण दिल्याची खूण. तिनं सोमनाथला हाक मारून दाखवलं.

"ताई, त्या थोट्या खांबाला कोन बांदतंय?" सोमनाथ हसला. "दोर निसटला की बादली खाली, मागनं आपुन खाली. येडंबिडं आलं आसल कुनी."

"तू नाही ना?"

"मला काय जीव वर आलाय?"

ती ओट्यावरच बसली, पिशवीतून पानं काढली आणि वाचली. 'दोराचं टोक ओट्याच्या पूर्वेकडच्या खांबाला बांधण्यात आलं.' ती नेहमी पश्चिमेच्या खांबाला बांधायची. लिहिताना दिशा चुकली होती. ही चूक सत्यशीला मॅडमच्या लक्षात आली नव्हती, तिच्याही आली नव्हती. कोणीतरी मात्र ती इमानानं पाळली होती.

पाळणारा कोण, हे ती ताडून पाहू लागली. मॅडमना जिना उतरवत नव्हता. पान त्या दोघींशिवाय कोणाकडेच नव्हतं.

शिवकन्या घाबरट नव्हती, आणि भुताखेतांपेक्षा तिला चुकीच्या निष्कर्षाची जास्त भीती वाटायची. तिनं पूर्वेचं पश्चिम केलं. काही दिवसांनी पश्चिमेच्या खांबावर तिच्या दोराच्या जुन्या खुणेला चिकटून दुसरी ताजी खूण दिसली. मग तिनं मसुद्यात एक निरर्थक वाक्य घातलं: 'पाण्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर पहिल्या पायरीच्या डाव्या हाताला येणाऱ्या टोकाला एक पांढरी गारगोटी ठेवण्यात आली.' कोणाला सांगितलं नाही, कोणाला पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी गारगोटी तिथं होती. नेमकी टोकाला, कोणी मोजून ठेवावी तशी. तिनं ती उचलून बारवेत टाकली. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं नवी गारगोटी होती. तिनं वाक्य खोडलं. त्यानंतर गारगोट्या आल्या नाहीत.

एवढ्या स्वच्छ निकालाचा प्रयोग तिच्या हातून चार वर्षांत झाला नव्हता, आणि तो कुठंच छापता येणार नव्हता.

कार्यपद्धतीचं सगळं पानच पुसून टाकावं असं तिच्या मनात येऊन गेलं. पण मग तो काय करेल? ज्याला काहीच सांगितलेलं नाही असा माणूस त्या ओट्यावर हात लोंबते सोडून उभा राहिला तर काय करेल, हे तिला ठरवता येईना. तिनं पान तसंच ठेवलं.

मॅडम फोनवर खूश होत्या. "आता परका दिसतोय," त्या म्हणाल्या. "आता मला त्याचे हात दिसतात."

"मलाही दिसतात, मॅडम," शिवकन्या म्हणाली. त्या हसल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

चैत्रात गावचे नळ आटले. टँकर कधी यायचा, कधी नाही. बाया पुन्हा घागरी घेऊन बारवेच्या पायऱ्या उतरायला लागल्या. त्यांत कडूबाई पहिली. शिवकन्येचं एकच काम उरलं होतं: खालच्या कडेवर उकिडवं बसून काठाच्या पाण्याचं तापमान घ्यायचं. त्या दुपारी बाया पाणी भरून गेल्या होत्या. खाली गारवा होता, कमानीत पाकोळ्या होत्या, पाण्यावर उन्हाचा एक चौकोन हलत होता. तापमापी पाण्यात धरून ती पारा ठरायची वाट पाहत वाकली होती.

चौकोनात सावली आली. तिनं मान वर करायच्या आत तिच्या कानाजवळून काहीतरी जड सर्रकन खाली गेलं, कडेच्या दगडावर आपटलं, दगडाची कपची उडाली आणि ती वस्तू पाण्यात बुडाली. मागोमाग दोर उतरत राहिला, सावकाश. मग दोर थांबला. त्याला एक हिसका बसला. पाण्यातून बुडबुडे आले. शिवकन्येला ते सगळे टप्पे पाठ होते. तिनंच लिहिले होते. भरलेली बाटली तिच्या चेहऱ्यासमोरून निथळत वर गेली. जाड काच, बुडाला शिसं. तिची स्वतःची बाटली तिच्या पायाशी पिशवीत होती.

ती पायऱ्या चढून वर आली तेव्हा ओट्यावर कोणी नव्हतं. आग्नेय कोपरा ओला होता.

कडूबाई मेंढवाड्यातून हात झटकत आली. "आवाज कावून दिला न्हाईस गं? बाटली आपटलेली आयकू आली मला. म्हनलं, ही शिकली-सवरली आन् रीत इसरली."

"मी खाली होते, मावशी."

कडूबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग ओट्याकडं. "मंग वर कोन होतं?"

शिवकन्येनं ओला कोपरा दाखवला.

"कुनी बी आसू दे," कडूबाई म्हणाली. "खाली मानूस आसतंय. आवाज द्यावा का न्हाई? कुनी शिकवलं न्हाई वाटतं त्याला."

घरी पोचेपर्यंत ते शेवटचं वाक्य शिवकन्येच्या डोक्यात होतं. तिनं पान उघडलं आणि वरपासून खालपर्यंत वाचलं. गाठ कशी मारायची ते होतं. कोपरा कोणता ते होतं. हिसका किती जोरानं द्यायचा तेही होतं. हाळी नव्हती. चार वर्षांत तिनं एकदाही हाळीशिवाय बाटली सोडली नव्हती आणि एकदाही ती लिहिली नव्हती. दिंद्रुडात ते कोणाला सांगावंच लागत नाही. परक्याला सांगावं लागतं.

तिनं वाक्य घातलं. 'ओट्यावरून काहीही खाली सोडण्यापूर्वी खालच्यांना मोठ्याने "सरा हो बाजूला" अशी हाळी देण्यात आली, आणि उत्तर येईपर्यंत, किंवा न आल्यास दोन श्वास, थांबण्यात आलं.' निबंध इंग्रजीत होता, पण हाळीचे शब्द तिनं गावचे तसेच ठेवले. त्यांचं भाषांतर करायला ती धजली नाही.

मॅडम त्या वाक्यापाशी अडखळल्या. "याचा तुझ्या जीवांशी काय संबंध?"

"संबंध असेल नसेल, मॅडम. प्रत्येक नमुन्याआधी मी हे केलंय."

"प्रत्येक?"

"प्रत्येक."

"मग आधी का लिहिलं नाहीस?"

"सगळ्यांना माहीतच असतं."

मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मी तुला काय सांगितलं होतं, आणि तू मलाच शिकवतेयस," त्या म्हणाल्या. "राहू दे. जे केलं ते लिहायचं. पाठव."

लेख गेला. शिवकन्येनं बारवेवर जायचं टाळलं. नमुने संपलेच होते. एकदा बाजारात कडूबाई भेटली तेव्हा तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "खाली उतरताय ना अजून?"

"उतरायचं न्हाई तर काय? पानी काय तुज्या कागदातनं येनार हाय?" कडूबाईनं कांद्याचा भाव ऐकून नाक मुरडलं. "आन् ते तुजं मानूस सुदारलं बरं का. आजकाल हाळी देतंय. दिसत न्हाई, पर देतंय. आमी म्हनतो, सरलो. बाटली येती, भरती, जाती. त्यानं त्याचं पानी न्यावं, आमी आमचं."

"भीती नाही वाटत?"

"आवाज देनाऱ्याची कशाची भीती? न देनाऱ्याची वाटती."

वैशाख सरत आला तेव्हा संपादकाचं पत्र आलं. निबंध स्वीकारला होता. अट एकच: 'कार्यपद्धतीतील स्थानिक रूढीचा उल्लेख असलेलं वाक्य विषयाला धरून नाही. ते वगळून अंतिम प्रत पाठवावी.' दिलेला अवधी थोडा होता, आणि विद्यापीठाची मुदत त्याला लागूनच.

मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "काढ. एक वाक्य आहे, शिवकन्या. एका वाक्यासाठी प्रबंध अडवू नकोस. पुढं कधीतरी दुसऱ्या लेखात घाल."

तिनं संध्याकाळी ते वाक्य काढलं. कर्सर मागं मागं नेत एकेक अक्षर पुसलं, फाइल जपून ठेवली आणि सकाळी पाठवू म्हणून झोपून गेली. सकाळी वीज नव्हती, नेट नव्हतं. दुपारच्या सुमाराला सोमनाथ दारात आला.

"ताई, आईच्या खांद्याला लागलंय. हळद भरलीय, पर हात वर होईना. दवाखान्यात न्यायला तुमची गाडी मिळंल का?"

शिवकन्येनं स्कूटर काढली. कडूबाई मेंढवाड्यापुढच्या बाजेवर बसली होती, डावा हात लुगड्याच्या पदरात बांधून. शेजारी पितळेची घागर. तिच्या काठाला कोणी पहार मारावी तसा पोचा.

"आज हाळी न्हाई दिली त्यानं," कडूबाई म्हणाली. ओरडत नव्हती, तक्रारही करत नव्हती. नवल वाटल्यासारखं सांगत होती. "इतके दिस देत होतं. आज कावून इसरलं आसल? जरा हिकडं आसते तर डोस्क्यातच बसली आसती. माज्या मागं विमलबाईची लेक होती, पोटुशी."

शिवकन्या बाजेच्या कडेला टेकली. तिला आपले हात दिसत होते, वाक्य पुसणारे. तिच्या मनात आणखी एक गोष्ट आली. आजवर पान तिच्याकडे आणि मॅडमकडे होतं, तेव्हा ओट्यावर एकच जण येत होता. छापून आलं की ते किती जण वाचणार होते? वाचलेलं कोणाला न वाचलेलं करता येत नाही. कुठून कुठून येऊन ते ओट्यावर उभे राहतील, कागदावर आहे तेवढं करतील, नाही ते करणार नाहीत.

कडूबाईला माजलगावच्या दवाखान्यात नेऊन आणल्यावर ती घरी आली. वीज आली होती. तिनं वाक्य होतं तिथं, होतं तसं पुन्हा लिहिलं, आणि संपादकाला पत्र लिहिलं. लहानसं. मॅडमनी शिकवल्यासारखं, एकही शब्द जास्तीचा नसलेलं. 'हे वाक्य रूढीचं वर्णन करत नाही. तो कृतीचा टप्पा आहे. तो वगळून हे काम पुन्हा केल्यास ते वेगळं काम होईल आणि माणसांना इजा होईल. वाक्य ठेवता येत नसेल तर निबंध मागे घेतला असं समजावं.'

पाठवल्यावर तिनं मॅडमना फोन केला.

"मुदत?" मॅडमनी विचारलं.

"माहीत आहे."

"मी वाचलंय ते पान," मॅडम म्हणाल्या, जरा हलक्या आवाजात. "परवापासून मला एक स्वप्न पडतंय. कुठल्यातरी दगडी ओट्यावर उभी आहे, हातात दोर. गुडघे दुखत नाहीत. आणि काय करायचं ते मला नेमकं ठाऊक आहे."

शिवकन्येनं फोन कानाशी आणखी दाबून धरला.

"वाक्य ठेवलंस ते बरं केलंस," मॅडम म्हणाल्या.

पुढं पत्र आलं नाही. विद्यापीठाच्या मुदतीचा आठवडा लागला. आकाशात नुसतेच ढग यायचे आणि दुपारपर्यंत विरून जायचे. कडूबाईचा हात गळ्यात अडकवलेला, आणि सून माहेरी. म्हणून शिवकन्या तिच्यासाठी पाणी भरायला बारवेवर जायला लागली. कडूबाई नको म्हटलं तरी मागोमाग पायऱ्या उतरायची. कोणाला तरी घागर नीट विसळली की नाही ते बघायला हवं, असं तिचं म्हणणं.

त्या दुपारी दोघी कडेवर होत्या. शिवकन्येनं घागर पाण्यात लोटली. उन्हाचा चौकोन पाण्यावर हलला आणि त्यात सावली आली.

"सरा हो बाजूला."

तिनं तो आवाज पहिल्यांदाच ऐकला. शब्द बरोबर होते. चढउतार मात्र नव्हता. प्रत्येक अक्षराला सारखंच वजन, जणू जिभेला ते अक्षर यापूर्वी कधी लागलंच नव्हतं. मग वर शांतता झाली. कोणीतरी श्वास घेतल्याचं तिला ऐकू आलं, आणि सोडल्याचं.

कडूबाईनं तिचा दंड धरून तिला कमानीत ओढलं. "सरलो, टाका," ती वर मान न करता म्हणाली.

बाटली सावकाश आली, पाण्यात शिरली, हिसका बसला, बुडबुडे आले. निथळत वर गेली.

"बेस झालं," कडूबाई म्हणाली. "वळन लागलं."

शिवकन्या घागरीसाठी पुढं सरकणार, तोच पुन्हा सावली आली.

"सरा हो बाजूला."

हा आवाज दुसराच होता. बारीक, बहुधा बाईचा. तोही तसाच, अक्षर अक्षर तोलून. दोन श्वास. कडूबाईनं उत्तर दिलं, बाटली आली आणि गेली. तिच्यामागून तिसरा आवाज, घोगरा. त्यामागून आणखी एक, आणि तो थांबायच्या आत ओट्याच्या दगडावर पावलं सरकल्याचा आवाज, माणसं रांगेत पुढं सरकतात तसा.

निबंध छापून आला होता. शिवकन्येला ते कोणी कळवलं नव्हतं, मोबाईल घरी चार्जिंगला होता; पण तिला ते कळलं. आणि वाक्य तसंच ठेवलं होतं, तेही कळलं.

पुढचा आवाज म्हाताऱ्या बाईचा होता. यात मात्र अक्षरं एकमेकांना धरून होती, मराठवाड्याच्या पाण्यावर वाढलेली. शेवटी जरा करडेपणाही होता, विद्यार्थ्यानं लवकर उत्तर द्यावं असा.

"सरा हो बाजूला."

हा आवाज शिवकन्येच्या ओळखीचा होता; तिनं मान वर केली. कडूबाईनं तिला कोपरानं ढोसलं.

"म्हन की गं. खोळंबलीत मानसं. लई गर्दी हाय आज वर."

"सरलो, टाका," शिवकन्या म्हणाली, आणि कमानीच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.